मोठा पडदा कोणासाठी?



गेल्या पंधरवड्यात एका सूनबाईंचे पत्र आले. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त दिवाणखान्यात काही मोठी भेट द्यावी, असे घरात ठरले आहे. मुलांना भिंतीवर शंभर इंची चित्र उमटवणारा प्रोजेक्टर हवा आहे. सासूबाईंचे म्हणणे, ‘आहे त्या जागी जरा मोठा टीव्ही आणा, म्हणजे झाले.’ शेवटी त्यांनी विचारले आहे, ‘ज्येष्ठांच्या दृष्टीने यांपैकी काय योग्य?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी परिचयातील एका घराची हकिगत सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्या घरी हौसेने प्रोजेक्टर आला. चित्र खरोखरच देखणे होते. मात्र ते नीट दिसावे म्हणून संध्याकाळी सात वाजताच खिडक्यांचे पडदे ओढले जात आणि दिवे मालवले जात. घरातील एक्याऐंशी वर्षांच्या आजी दोन-तीन आठवडे सर्वांबरोबर बसल्या. पुढे ‘मला झोप येते’ असे सांगून त्या लवकर आपल्या खोलीत जाऊ लागल्या. वयोमानाने असे होतेच, असे समजून कोणी अधिक चौकशी केली नाही. एकदा मी सहज विचारले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “अंधारात उठायची भीती वाटते हो. मध्येच जायचे झाले, तर सगळ्यांचा सिनेमा थांबवावा लागतो. त्यापेक्षा खोलीत पडलेली बरी.”

एका उपकरणामुळे घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती संध्याकाळच्या बैठकीतून उठून गेली होती आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. म्हणून या निवडीकडे केवळ करमणुकीचा प्रश्न म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

प्रोजेक्टरला अंधार का लागतो, हे आधी समजून घेऊ. आपल्यापैकी अनेकांनी गणेशोत्सवात गल्लीत पांढरे कापड ताणून दाखवलेले चित्रपट पाहिले असतील. तो खेळ रात्र पडल्यावरच सुरू होई. प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकू शकतो. काळोख टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे प्रकाश न पडलेली भिंत. खोलीत उजेड असेल, तर ती भिंत करडी दिसते आणि त्याबरोबर सारे चित्र फिकट होते. टीव्हीचा काच-पडदा मुळातच गडद असतो आणि त्याचा प्रकाश थेट आपल्याकडे येतो. म्हणून दिवसाउजेडीही त्याचे चित्र ठसठशीत राहते.

आता वयस्क डोळ्याचा विचार करू. वाढत्या वयात बाहुली आकुंचित राहू लागते, डोळ्यातील भिंग पिवळसर होते. विशीच्या तुलनेत साठीच्या सुमारास नेत्रपटलापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. फिकट आणि गडद छटांमधील भेद ओळखण्याची शक्तीही मंदावते. ज्येष्ठांच्या डोळ्यांना ठळक चित्र आणि खोलीत पुरेसा उजेड, असे दोन्ही हवे असते. सर्वसाधारण घरगुती प्रोजेक्टर ही दोन्ही एका वेळी देऊ शकत नाही.

दुसरी बाब तोल सांभाळण्याची. उजळ चित्रावरून नजर काढून अंधाऱ्या जमिनीकडे पाहिले, की तरुण डोळाही क्षणभर गोंधळतो. ज्येष्ठांना सावरायला अधिक वेळ लागतो. त्यात पायाशी सतरंजीचा दुमडलेला कोपरा किंवा प्रोजेक्टरची वायर असेल, तर पडण्याचे निमित्त तयारच असते. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. घरात कोणाला स्मृतिभ्रंश असेल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. अशा काही व्यक्तींना पडद्यावरची माणसे खरोखरच घरात आली आहेत, असे वाटते. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर हलणाऱ्या पुरुषभर आकृत्यांनी त्यांची घालमेल वाढू शकते.

मग टीव्ही केवढा घ्यावा? पडद्याचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरपे मोजतात. त्या मापाच्या साधारण दीडपट ते अडीचपट अंतरावर बसणे सोयीचे ठरते. खुर्ची भिंतीपासून दहा फुटांवर असेल, तर ५५ ते ६५ इंची संच पुरेसा होतो. सात-आठ फुटांवर असेल, तर ४३ ते ५० इंची. मोठा संच परवडत नसेल, तर खुर्ची पुढे सरकवावी. अंतर निम्मे केले, की चित्र डोळ्याला दुप्पट मोठे भासते आणि त्यासाठी काहीही खर्च येत नाही. जवळून टीव्ही पाहिल्याने ज्येष्ठांची दृष्टी अधू होते, ही समजूत निराधार आहे.

संच लावण्याची उंचीही महत्त्वाची. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर असते. पडद्याचा मध्य तेथेच असावा. शोभेसाठी तो उंचावर टांगला, तर मान मागे टाकून पाहावे लागते आणि मानेचे दुखणे बळावते. दुभागी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी रेलून किंवा आडवे होऊन टीव्ही पाहू नये. त्या स्थितीत नजर चष्म्याच्या खालच्या, वाचनासाठीच्या भागातून जाते आणि चित्र धूसर दिसते. पडद्यासमोर खिडकी नसावी, कारण तिची झळाळी काचेत उमटते. खिडकी बाजूला असलेली बरी. रात्रीही खोली पूर्ण अंधारी न ठेवता संचाच्या मागे किंवा बाजूला एक मंद दिवा लावावा. मोतीबिंदू असलेल्यांना काळोखातील झगमगीत पडद्याचा त्रास होतो, तो त्याने कमी होतो.

आवाजाचे काय? वाढत्या वयात प्रथम उच्च स्वरातील ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. प्रोजेक्टरचा पंखा सतत घुमत असतो आणि त्याचा अंगचा स्पीकर अनेकदा पाहणाऱ्याच्या पाठीमागे येतो. पातळ टीव्हीचे स्पीकरही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. म्हणून चित्राचे दहा इंच कमी करावे लागले तरी चालेल, पण पडद्याखाली समोर तोंड असलेला साउंडबार घ्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते टीव्हीशी थेट जोडता येते का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

खर्चाचा हिशेबही पाहू. ज्येष्ठांच्या घरी संच दिवसाला पाच तास चालणे नवलाचे नाही. म्हणजे वर्षाला सुमारे १,८०० तास. साध्या दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो. चार हजार तासांचा धरला, तर दोन-सव्वादोन वर्षांत. एलईडी किंवा लेझरवर चालणारे प्रोजेक्टर वीस हजार तासांपर्यंत टिकतात, पण त्यांची किंमत अधिक असते.

प्रोजेक्टर सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र नव्हे. रविवारी नातवंडांसह एखादा चित्रपट, लग्नाची जुनी चित्रफीत, परदेशी असलेल्या लेकीने पाठवलेली छायाचित्रे यांसाठी त्याच्यासारखा आनंद नाही. तो ज्यांच्याकडे आहे, त्यांनी न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर पायाशी दिवा ठेवावा, वायर भिंतीलगत नेऊन चिकटवावी, मध्यंतर आधीच जाहीर करावे आणि लहान मुलांना भिंगात डोकावू देऊ नये. त्यातील प्रखर प्रकाश डोळ्यांना इजा करू शकतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दुकानातील लखलखीत नमुनाचित्रांवर विसंबून खरेदी करू नका. ज्यांच्यासाठी संच घ्यायचा, त्यांनाच सोबत न्या, घरातल्याइतक्या अंतरावर बसवा आणि बातम्यांच्या तळाशी सरकणारी ओळ वाचायला सांगा. ती वाचता येत नसेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. ‘टीव्ही लहान वाटतो’ ही तक्रार पुष्कळदा चष्म्याची किंवा मोतीबिंदूची असते. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, चित्राच्या मध्यभागी काळा डाग जाणवला किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर एक दिवसही थांबू नका. त्यावर कोणताही मोठा पडदा हा इलाज नव्हे.

तेव्हा सूनबाई, माझे उत्तर सासूबाईंच्या बाजूने आहे. रोजच्या वापरासाठी टीव्हीच घ्या आणि उरलेल्या पैशांत साउंडबार आणा. मुलांची हौस पुढे एखाद्या लहानशा प्रोजेक्टरवर भागवता येईल.

आणि त्या आजींच्या घरी काय झाले? प्रोजेक्टर आता रविवारपुरता उरला आहे. एरवी दिवाणखान्यात टीव्ही चालतो, कोपऱ्यात दिवा जळत असतो आणि आजींची खुर्ची सर्वांच्या पुढे असते. त्यांना आता संध्याकाळी सातला झोप येत नाही. आपल्या घरीही कोणी ‘मला झोप येते’ म्हणून लवकर उठून जात असेल, तर आज एकदा त्यांच्याजवळ बसून कारण विचारा.