मधुमेही माजी सैनिक आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न

हिंगोलीचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. निजामाच्या राज्यातील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची जी ठाणी होती, त्यांपैकी हिंगोलीची छावणी एक होती. पुढे 1903 साली ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. कोरडवाहू शेतीवर विसंबलेल्या या जिल्ह्यात सैन्याची नोकरी ही घराला आधार देणारी नोकरी मानली जाते. म्हणूनच ती नोकरी संपवून आजार घेऊन परतलेल्या सैनिकाला शासनाकडून काय मिळते, हा प्रश्न येथील कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे.

गोळी लागून पाय गमावलेल्या जवानाचे अपंगत्व सर्वांना दिसते. परंतु अंतःस्रावी ग्रंथींचे विकार डोळ्यांना दिसत नाहीत. मधुमेहात इन्सुलिन या संप्रेरकाचे कार्य बिघडते. थायरॉईडच्या विकारात गळ्यातील ग्रंथीचा स्राव कमी किंवा अधिक होतो. माणूस वरून धडधाकट दिसतो, मात्र औषध जन्मभर सुटत नाही. मधुमेहामुळे पुढे डोळे, मूत्रपिंडे व पाय यांवरही संकट येऊ शकते. भरतीच्या वेळी कसून तपासणी होऊन निरोगी ठरलेला तरुण पंधरा-वीस वर्षांनी असा विकार घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याची जबाबदारी कोणाची?

नियमानुसार अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. याचा निर्णय निवृत्तीपूर्वी भरणारे वैद्यकीय मंडळ करते. मधुमेहाच्या अनेक प्रकरणांत मंडळाने ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि बळावलेलाही नाही’ असा शेरा मारला आहे. कारण असे दिले जाते की हा जीवनशैलीचा आजार आहे, किंवा तो शांतता क्षेत्रातील नेमणुकीत सुरू झाला. एका ओळीच्या या शेऱ्याने जन्मभराचा हक्क जातो.

रकमेचा हिशेब पाहिला म्हणजे या ओळीचे मोल कळते. शंभर टक्के अपंगत्वासाठी अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम, आणि कमी अपंगत्वासाठी त्या प्रमाणात, असे सूत्र आहे. समजा, अखेरचे वेतन 40,000 रुपये व अपंगत्व 20 टक्के आहे. तर दरमहा 2,400 रुपये होतात. मात्र 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 टक्के धरण्याची सवलत लागू झाली, तर हीच रक्कम 6,000 रुपये होते. सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रामअवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 रोजी दिला.

वादाचे मूळ वैद्यकशास्त्रात कमी आणि पुराव्याच्या ओझ्यात अधिक आहे. सेवेने आजार झाला हे सैनिकाने सिद्ध करावे, की झाला नाही हे शासनाने? 1982 च्या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात 2013 साली स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि संशयाचा फायदा त्याला द्यावा. 2008 च्या नियमांनी हे गृहीतक सैल केले. तरीही मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका मधुमेही सैनिकाच्या बाजूने निर्णय देताना, आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला एवढेच कारण पुरेसे नाही, असे म्हटले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे दिलीच पाहिजेत, यावर भर दिला.

अमेरिकेने याबाबत वेगळा मार्ग स्वीकारला. व्हिएतनाम युद्धात जंगले उजाड करण्यासाठी ‘एजंट ऑरेंज’ हे विषारी रसायन फवारले गेले. तेथे सेवा केलेल्या सैनिकाला मधुमेह झाला तर तो सेवेमुळेच झाला असे 2001 पासून, आणि थायरॉईडचा स्राव कमी झाला तर तसेच 2021 पासून, कायद्याने गृहीत धरले जाते. प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा शोधावा लागत नाही. आपल्याकडे त्या रसायनाचा प्रश्न नाही; पण ओझे दुर्बलाच्या खांद्यावर टाकू नये, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मधुमेह सर्वसामान्य जनतेतही वाढत आहे. प्रत्येक रुग्णाला लाभ दिला तर खऱ्या जखमींच्या सन्मानाला बाधा येईल, असा शासनाचा युक्तिवाद आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम लागू झाले, त्यामागे ही चिंता होती. ती निराधार नाही. मात्र गैरवापर रोखण्याचा उपाय म्हणजे काळजीपूर्वक तपासणी आणि सकारण निर्णय. छापील शेरा नव्हे. बर्फाळ सीमेवरील ताण, अनियमित जेवण, अपुरी झोप व कुटुंबाचा वियोग यांची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात होत नाही.

हा प्रश्न उद्या अधिक तीव्र होईल. 2022 पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना चार वर्षांनंतर निवृत्तिवेतन नाही. अपंगत्व सेवेमुळे ठरले तरच 50, 75 व 100 टक्क्यांसाठी अनुक्रमे 15, 25 व 44 लाख रुपये एकरकमी मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे त्यांच्याबाबतीत तर सारे काही त्या एका शेऱ्यावरच अवलंबून राहणार.

शहरात राहणारा अधिकारी वकील गाठतो, अपील करतो. सेनगावच्या वाडीवरील जवानाला दाद मागता येते, हेच पुष्कळदा ठाऊक नसते. त्याने वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी, मुदतीत पहिले व दुसरे अपील करावे, आणि तेथे न्याय न मिळाल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन यासाठी उपयोगी ठरते. विलंब महागात पडतो: 2008 साली तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्या दाव्यात थकबाकी तीन वर्षांपुरती मर्यादित केली होती.

गावातील शिक्षक, निवृत्त कर्मचारी व सुशिक्षित तरुणांनी अशा सैनिकाचा अर्ज लिहून देण्याइतके साहाय्य केले तरी ते मोठे काम होईल. सैनिकाचा सत्कार आपण 26 जानेवारीला व 15 ऑगस्टला करतो. त्याचे कागद वाचून पाहण्याचे काम मात्र वर्षभर बाकी असते.