लाइन एक, वाटा अनेक

रायपूरच्या तात्यापाऱ्यातले एक मराठी घर. सकाळची घाईची वेळ. चालू मिक्सर अचानक थांबतो आणि स्वयंपाकघरातून सूनबाईंचा आवाज येतो, "लाइन गेली!" नातू वहीवर मान घालून कुरकुरतो, "माझ्या अजून पाच लाइनी लिहायच्या राहिल्यात." मुलगा चपला घालता घालता म्हणतो, "निघतो मी, बँकेत मोठी लाइन असेल." एवढ्यात शेजारीण आनंदाची बातमी घेऊन येते, तिचा धाकटा मेडिकल लाइनला गेला! आजी हसून म्हणतात, "घरात माणसं पाच, आणि लाइनी किती गं या?"

आजींचा प्रश्न गमतीचा असला तरी विचार करायला लावणारा आहे. सूनबाईंची लाइन म्हणजे वीज. नातवाची लाइन म्हणजे ओळ. मुलाची लाइन म्हणजे रांग आणि शेजारणीच्या मुलाची लाइन म्हणजे पेशा. यातली प्रत्येक गोष्ट सांगायला मराठीत वेगळा शब्द आहे. कागदावर ओढतो ती रेघ, भूमितीत आणि तळहातावर असते ती रेषा, कपाळावर पडते ती आठी, वयाबरोबर येते ती सुरकुती. इंग्रजीत या साऱ्यांचे काम 'लाइन' हा एकच शब्द करतो.

म्हणूनच इंग्रजी शिकताना या शब्दाचे अर्थ पाठ करून भागत नाही. तो कोणत्या शब्दाच्या सोबतीने आला आहे, हे पाहावे लागते. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे दोन ओळींचे पत्र टाका. 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नका. 'रीड बिट्वीन द लाइन्स' म्हणजे न लिहिलेलेही ओळखा. कचेरीत रोज कानावर पडणाऱ्या 'डेडलाइन'चा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. आज ती ओलांडली की फार तर साहेबांची बोलणी बसतात!

रायपूरकरांनी तर या शब्दाला आपल्या गावाचाच करून टाकले आहे. मुंबई-हावडा मार्ग ती 'बडी लाइन' आणि धमतरीला जाणारी अडीच फुटी रुळांची अरुंद गाडी ती 'छोटी लाइन'. गेल्या शतकाच्या आरंभापासून ही छोटी गाडी शहराच्या मध्यातून धावत होती. पुढे शहरातले रूळ निघाले आणि त्या पट्ट्यावर एक्सप्रेस-वे झाला. गाडी गेली, पण जुन्या माणसांच्या तोंडी छोटी लाइन राहिली.

सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन यांतली 'लाइन' छावणीतून आली. शिपायांचे तंबू आणि झोपड्या ओळीने असत, म्हणून त्या वस्तीलाच 'लाइन्स' म्हणू लागले. रायपूरच्या अशाच छावणीत जानेवारी 1858 मध्ये हनुमानसिंहाने बंडाचा झेंडा उभारला. तो निसटला, पण त्याच्या सतरा साथीदारांना 22 जानेवारीला फाशी देण्यात आले. पत्त्यात सहज लिहिल्या जाणाऱ्या शब्दामागे असाही इतिहास असतो.

मात्र या शब्दाचा एक वापर घराघरांतून थांबायला हवा. मुलीच्या मागे लागणाऱ्या टवाळाला मित्र कौतुकाने म्हणतात, "लाइन मारतोय." ज्या मुलीला त्यापायी कॉलेजचा रस्ता बदलावा लागतो, तिच्या दृष्टीने ती छेडछाडच असते. तिला छेडछाडच म्हणावे. गोड शब्द वापरला की अपराधही गोड वाटू लागतो.

मुळात ही 'लाइन' आली कुठून? लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचे कापड ते लिनन आणि त्याचा ताणलेला दोरा ती 'लिनिया'. त्यावरून झाली लाइन. कपड्यांना आतून लिननचे अस्तर लावत, म्हणून शिंपी आजही 'लायनिंग' मागतो. हेच जवस छत्तीसगडमध्ये भात कापण्यापूर्वी उभ्या पिकातच, जमिनीची ओल साधून पेरले जाते आणि घरी त्याची खमंग चटणी होते!

गंमत म्हणजे मराठीनेही सरळपणा धाग्यावरूनच ओळखला. गवंडी भिंत बांधताना सूत धरतो. निष्कपट माणूस 'सरळसूत' असतो आणि वाह्यात मुलगा 'सुतासारखा सरळ' होतो. आपण मात्र आता म्हणतो, "लाइनवर आला."

परका शब्द घेण्यात कमीपणा नाही. छोटी लाइन ही रायपूरची स्वतःची कमाई आहे. प्रश्न एवढाच, की एका शब्दाला घरात घेताना घरचे किती शब्द बाहेर पडतात? पुण्या-नागपुरात मुलाच्या घरी हरवलेला शब्द शेजारी, बाजारात पुन्हा कानावर पडतो. रायपुरात घराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी असते. तिथे मराठी शब्द घरात हरवला, की बहुधा हरवलाच.

त्याच घरी संध्याकाळी सत्यनारायणाचा प्रसाद होता. भूक लागलेला नातू विचारू लागला, "आजी, जेवणाची लाइन कधी लागणार?" आजींनी त्याला जवळ घेतले.

"लाइन रेशनची असते, बाळा. तिथं उभं राहून आपला नंबर कधी येतो ते बघायचं. जेवणाची पंगत असते. तिथं बसायचं, वाढणारा आपल्यापाशी येतो, आणि शेजारच्याच्या पानात काय कमी आहे तेही बघायचं."

नातू क्षणभर थांबला आणि अंगणात धावत ओरडला, "चला, पंगत बसतेय!"