नोंद नसलेले धान, नोंद नसलेली माहिती



बांधीत धान उभे आहे, पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही. असे धान हमीभावाच्या खरेदी केंद्रावर घेत नाहीत. डोळ्यांना दिसणारे पीक कागदावर नाही म्हणून ते नाहीच, हा हिशोब गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाईलवर आपण जी माहिती शोधतो तिचाही हिशोब हाच आहे.

गुगलवर 'धानाचा हमीभाव' विचारला की ते यंत्र त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्याने आधीच एक रजिस्टर करून ठेवलेले असते. त्याला इंडेक्स म्हणतात. रजिस्टरात नोंदलेले पानच आपल्यापुढे येते. न नोंदलेले पान असून नसल्यासारखे. नोंदलेल्यांत कोण वर आणि कोण खाली, हेही कंपनीच ठरवते.

हे रजिस्टर ठेवण्याची रीत कंपनी बदलत असते. पूर्वी त्याचा मुख्य भाग दोनेक आठवड्यांनी ताजा होई. जून 2010 मध्ये 'कॅफीन' नावाची नवी यंत्रणा आली आणि नोंदी सतत होऊ लागल्या. एप्रिल 2015 पासून मोबाईलवरच्या शोधात मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना झुकते माप मिळाले. 5 जुलै 2024 नंतर तर मोबाईलवर मुळीच न उघडणाऱ्या वेबसाइटची नोंद करणेच बंद झाले. नियम तिकडे बदलतो, पान इकडे गायब होते.

यात आपले काय जाते? साधारण धानाचा हमीभाव 2023-24 साली क्विंटलला 2183 रुपये होता, 2024-25 साली 2300 आणि 2025-26 साली 2369. ज्या पानावर वर्षच लिहिलेले नाही असे जुने पान आधी दिसले आणि शेतकऱ्याने 2183 खरे मानले, तर 2025-26 च्या हंगामात क्विंटलमागे 186 रुपये गेले. पन्नास क्विंटलवर 9300. व्यापाऱ्याला घासाघीस करायचीही गरज उरली नाही.

सगळा दोष कंपनीवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. शेतीची पदवी घेतलेल्या आम्हीच कधीकाळी सल्ल्याची पत्रके कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टात टाइप केली. ती आपल्याला मराठी दिसतात, यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसतो. कुठे कागदाचा तिरपा फोटो चढवला, तोही यंत्राला धड वाचता येत नाही. आम्ही 'भात' लिहिले. आपला माणूस 'धान' शोधतो, भात तो ताटात वाढून घेतो.

कोणी म्हणेल, मोबाईल सोडा, कार्यालयात जाऊन विचारा. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीतल्या शेतकऱ्याची त्यात एक दिवसाची मजुरी बुडते, ती कोण भरून देणार?

म्हणून बाजार समित्या, खरेदी यंत्रणा आणि कृषी कार्यालये यांच्याकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. माहिती युनिकोड मराठीत लिहा, फोटो चिकटवू नका. ती साध्या मोबाईलवर उघडली पाहिजे. प्रत्येक भावावर हंगाम आणि तारीख घाला, जुन्या पानावर 'हा जुना भाव' असे ठळक लिहा. वेबसाइटचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाट ठेवा, नाहीतर जुनी नोंद वाया जाते. आणि धानाला धान म्हणा. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एक काम करावे. हमीभाव, खरेदी केंद्र आणि तुडतुड्याचा बंदोबस्त हे तीन शब्द मोबाईलवर शोधावे. पहिले पान कोणाचे आले आणि त्यावर कोणते वर्ष आहे, ते वहीत लिहून आणावे. त्या वह्या घेऊनच आपण कार्यालयांत जाऊ. तोवर एक पक्के ध्यानात ठेवा, आधी वर्ष पाहायचे, मग भाव.