परदेशातल्या पगाराचा गुणाकार

लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा परदेशात असतो’ असं कळलं की कुणीतरी काका लगेच मोबाइल काढून गुणाकार करतात. दिऱ्हॅम असो, युरो असो, रुपयांतला आकडा ऐकून सगळे गार! पण तो मुलगा तिथे काही रुपयांत खर्च करत नाही. भाडं, दूध, डॉक्टर, सगळं तिथल्याच भावानं.

यूबीएस या स्विस बँकेनं १९७१ पासून बरीच वर्षं जगातल्या मोठ्या शहरांतले पगार आणि भाव यांची तुलना करणारे अहवाल काढले. एखादी वस्तू घ्यायला माणसाला किती वेळ राबावं लागतं, असा त्यांचा हिशेब. मला तो फार पटतो. २०१५ च्या अहवालाप्रमाणे आयफोन ६ साठी झुरिकमध्ये साधारण २१ तासांची कमाई पुरायची, तर कीव्हमध्ये ६२७ तासांची लागायची.

मग झुरिक सगळ्यांत चांगलं? फोनपुरतं म्हणाल तर हो. फोनची किंमत सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच, त्यामुळे पगार मोठा तिथे तो स्वस्त वाटणारच. महाग असतं ते माणसाच्या हातचं काम. झुरिकमध्ये सरकारी मदत नसेल तर पाळणाघराला एका मुलाचे दिवसाला शंभर फ्रँकहून जास्त पडतात. आरोग्य विमा प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा, आणि तो पगारातून कापून जात नाही, खिशातून भरायचा. शिवाय तिथल्या पुष्कळ शाळांतली मुलं दुपारी जेवायला घरी येतात. आता त्यांना गरम पोळी कोण वाढणार, हे काकांच्या गुणाकारात कुठे असतं?

दुबईत पगारावर आयकर नाही, म्हणून आपल्याकडे दुबईचं स्थळ म्हटलं की लोक खूश. पण आपल्या मुलांना तिथे खासगी शाळेतच घालावं लागतं आणि फीचा आकडा बघून कराची आठवण येते. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायची पद्धत आहे. म्हणजे संसार मांडायच्या आधीच पैशांची जुळवाजुळव.

उलट बर्लिनमध्ये कर आणि विम्यापोटी पगाराचा मोठा लचका जातो. हातात येणारा आकडा बघून सासरचे नाक मुरडतील. पण २०१८ पासून तिथल्या पाळणाघरांची फी माफ आहे, जेवणाचे तेवढे द्यायचे. सरकारी शाळेला फी नाही आणि २०२५ पासून दर मुलामागे महिन्याला २५५ युरो भत्ता होता. तिथे बाई कामावर गेली तर तिचा पगार पाळणाघराच्या फीत जिरत नाही. माझ्या मते शहरांची खरी तुलना इथे होते.

आणि अमेरिका? तिथे एच-१बी व्हिसावर असलेल्या नवऱ्याबरोबर बायको जाते ती एच-४ वर. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहीजणींना परवानगी मिळू लागली, पण मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच. इंजिनिअर झालेली मुलगी वर्षानुवर्षं घरात बसते, आणि इकडे आपण एकाच पगाराला डॉलरनं गुणत बसतो. पत्रिका बघून झाली की निदान एवढं तरी विचारा, मुलीचा व्हिसा कुठला असेल आणि त्यावर तिला काम करता येईल का? विचारताना संकोच वाटतो, माहीत आहे. तरी विचारा.