किती राहिलं आता?

बॅरिॲट्रिक सर्जरी झालेल्या माणसाला सुरुवातीला सगळे विचारतात, "किती उतरलं?" सहा-आठ महिन्यांनी प्रश्न बदलतो. "किती राहिलं आता?" विचारणारे प्रेमानंच विचारतात, हे मान्य. पण या दुसऱ्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की कुठेतरी एक ठरलेला आकडा आहे आणि तिथे पोचेपर्यंत काम अर्धवट आहे. हा आकडा नेमका ठरवला कोणी?

माझी स्लीव्ह सर्जरी २०२३ मध्ये झाली. तेव्हापासून या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांना भरपूर पिडलं, आणि माझं एक मत तयार झालं. ते आज मांडते. पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा :-)

दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता बीएमआयचा असतो. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञानं १८३२ च्या सुमारास मांडलं. तो 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता, कोणाचं वजन उतरवायला बसला नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये पडलं. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो. कोणाला धोका आहे हे ओळखायला तक्ता उपयोगाचा आहेच. पण शंभरी ओलांडून परत येणाऱ्या माणसानं कुठे थांबावं, हे सांगायला तो केलेलाच नाही.

एक हिशोब करू. १५८ सेंटिमीटर उंचीची बाई, वजन ११२ किलो. तक्त्याप्रमाणे तिनं ५७ किलोवर यायला हवं, म्हणजे ५५ किलो उतरवायचे. जवळजवळ अर्धी बाई! प्रत्यक्षात स्लीव्हनंतर सरासरी उतरतं ते मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के, बायपासनंतर ३० च्या आसपास. म्हणजे ती ७८ ते ८४ च्या मध्ये कुठेतरी थांबेल. समजा ८१. सर्जनच्या जुन्या हिशोबात जादा वजनापैकी निम्मं गेलं की शस्त्रक्रिया यशस्वी, आणि हिचं निम्म्याहून थोडं जास्तच गेलंय. पण तक्ता काय म्हणतो? बीएमआय ३२, लठ्ठ! एकच बाई, एकाच दिवशी, डॉक्टरांच्या फाइलमध्ये पास आणि भिंतीवर नापास.

बरं, मग ८१ वर थांबून उपयोग काय, असं कोणी म्हणेल. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे दोन हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लोकांपेक्षा यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. आणि ही मंडळी काही शिडशिडीत झाली नव्हती. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर आलं. बाकीच्या पद्धतींत त्याहूनही कमी. म्हणजे फायदा मिळाला तो तक्त्यावर 'लठ्ठ' राहूनच.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सगळ्यात कमी दिसलेलं वजन हे आपलं कायमचं वजन नसतं. तळ गाठल्यावर काटा थोडा वर येतो, बहुतेकांचा येतो. त्यामुळे ध्येय ठरवायचं ते पाच-दहा वर्षं टिकेल असं, एका सोमवारी सकाळी काट्यावर दिसलेलं नव्हे.

"ध्येय मोठं ठेवावं, म्हणजे निदान जवळ तरी पोचतो," हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला. परीक्षेत ठीक आहे. इथे मोठ्या ध्येयाची किंमत शरीर देतं. पोट आधीच लहान केलेलं, त्यात आकडा हलेना म्हणून माणूस अजून कमी खातो. दिवसाची साठेक ग्रॅम प्रथिनं वाटीभर डाळीत होत नाहीत, त्यासाठी पनीर, अंडी, सोया नेमानं खावं लागतं. तेच कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आकडा गाठला नाही या लाजेनं माणूस डॉक्टरांकडे जाणंच बंद करतो. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या तपासण्या तर जन्मभर करायच्या असतात.

मग ध्येय ठेवूच नये का? जरूर ठेवावं. मूळ वजनाचे २५ ते ३० टक्के डॉक्टरांबरोबर बसून काढावेत आणि एका आकड्याऐवजी चार-पाच किलोंचा पट्टा ठरवावा. त्याच्या वर काटा सरकत राहिला तर लपवू नये, सरळ तपासून घ्यावं. 'वास्तववादी' म्हणजे 'काहीही चालेल' नव्हे. त्याच कागदावर दुसरी यादी करावी: साखर किती, रक्तदाबाची गोळी राहिली की गेली, झोपेत श्वास अडकतो का, पंगतीत मांडी घालून बसता आणि हात न टेकता उठता येतं का, स्टेशनचा पूल न थांबता चढता येतो का. माझ्या मते खरं ध्येय या यादीत आहे. किलो हा तिचा फक्त एक रकाना.

घरच्या मंडळींना एक विनंती. लग्नाकार्यात भेटलात की "अजून दहा उतरलं की छान दिसशील" म्हणू नका. त्या दहा किलोंसाठी कोणीतरी रात्रीचं जेवण सोडत असतं. आणि वर्षभरानंतर दोन-तीन किलो वाढलेले दिसले तर "पैसे वाया गेले" असंही म्हणू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "गुडघे काय म्हणतात? सिंहगडला येतेस का रविवारी?"

मी येईन. सावकाश चढेन, पण येईन.