विचारले कोणी?

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची नावे घेतली की डोळ्यांसमोर उभे राहतात ते उसाचे मळे, साखर कारखाने, नीरेचा कालवा आणि उजनीचे विस्तीर्ण पाणी. या समृद्धीचा हिशेब टनांत आणि टक्क्यांत मांडला जातो. परंतु येथील माणसांच्या मनाचे काय चालले आहे, आणि मन आजारले असता हवी ती मदत मिळते असे त्यांना स्वतःला वाटते काय, हा प्रश्न त्या हिशेबात सहसा येत नाही.

उत्तर म्हणून योजनांची यादी वाचून दाखवता येईल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. १९९६ पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. पुण्यात येरवड्याचे मनोरुग्णालय आहेच. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. तथापि सोय असणे निराळे आणि ती गरजवंतापर्यंत पोहोचणे निराळे.

निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा जणांना मानसिक विकार आढळला आणि त्यांतील बहुतेक उपचारांविना असल्याचे दिसून आले. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे येथे विचारणाराच आला नाही!

विचारले असते, तरी उत्तर सरळ मिळाले असते काय? भिगवणचा मजूर अथवा सुप्याच्या जिरायत भागातला शेतकरी 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, जिवाला करमत नाही. मग सलाइन लावले जाते, टॉनिक दिले जाते. गुण आला नाही की देवऋषी गाठला जातो. सून असेल तर ती 'ढोंग करते' आणि परीक्षेला बसलेला मुलगा असेल तर तो 'आळशी' ठरतो. येरवड्याचे नाव तर आपण थट्टेसाठीच राखून ठेवले आहे. जे दुखणे दुखणे म्हणून मान्यच होत नाही, त्याची गरज नोंदवणार कोण? दवाखान्यात गर्दी नाही, म्हणून गरज नाही, हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा ठरतो.

वस्तुतः मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने ही सेवा नागरिकाचा हक्क ठरवली आहे. ती परवडणारी, पुरेशी आणि राहत्या ठिकाणाच्या आवाक्यातली असावी, आवश्यक औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्वकाळ मोफत मिळावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु हक्क ज्याला ठाऊक नाही, तो मागणार कसा? आणि एका खेपेसाठी दिवसाची मजुरी बुडवणारा मनुष्य औषध नाही म्हणून परतला, तर पुन्हा येईल काय?

म्हणून मागणी साधी आहे. दोन्ही तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञाचा ठरलेला वार असावा आणि तो पाळला जावा. औषधांचा साठा फलकावर लिहावा. आशा सेविकांनी घरोघरी लोकांच्याच शब्दांत विचारपूस करावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर झळकावा. यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. वर्गातला गप्प झालेला मुलगा प्रथम त्यांनाच दिसतो.

गरज भागते की नाही, याचा निवाडा अखेर अहवालाने नव्हे, तर त्या माणसानेच करावयाचा आहे. त्याआधी कोणी तरी त्याच्या उंबऱ्याशी बसून विचारले मात्र पाहिजे.