मातीच्या कार्डावर १२ आकडे, पण जिवाणूंचा एकही नाही

अहिल्यानगर : जीवामृत टाका, जिवाणू खतं सोडा, माती जिवंत ठेवा, असं शेतकऱ्याला सगळीकडून सांगितलं जातंय. केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. पण बाटली सोडल्यावर जिवाणू जगले की मेले, हे शेतकऱ्याला कळणार कसं? खरी गोम इथंच आहे.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. जिवाणू किती, बुरशी किती, याचा रकानाच नाही.

मोजता येत नाही, असं मात्र नाही. ही पद्धत चक्क खाडीच्या चिखलातून आलीय. अमेरिकेतल्या फ्लोरिडात डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या सुमारास समुद्रकाठच्या गाळातले सूक्ष्मजीव त्यांच्या चरबीवरून मोजले. प्रत्येक सूक्ष्मजीवाच्या पेशीचं आवरण स्फुरदयुक्त चरबीचं असतं. जीव मेला की ही चरबी लवकर मोडते. म्हणून गाळातून जी निघते ती मुख्यतः जिवंत जिवांची. शिवाय बुरशीची चरबी वेगळी, जिवाणूंची वेगळी. त्यामुळे कोणाचं प्रमाण किती, याचाही अंदाज येतो. काचेच्या ताटलीत वाढवून मोजायला गेलं तर मातीतले बहुतेक जिवाणू वाढतच नाहीत. इथं वाढवायची गरजच नाही.

आज हीच तपासणी शेताच्या मातीवरही होते. अडचणी दोन. यंत्र महाग आहे आणि नमुना उन्हात वाळवून चालत नाही, थंड ठेवूनच न्यावा लागतो. नेमकी जात कोणती, हेही तिच्यातून कळत नाही.

आपल्या जिल्ह्याला खाडी नाही, पण चिखलाचा धडा आहे. भरती-ओहोटीच्या गाळात वरच्या पातळ थराखाली हवा संपते. तिथं बिनहवेचे जिवाणू वाढतात, गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रवरा आणि गोदावरी कालव्यांखाली पाणी साचून चिबड झालेल्या उसाच्या रानातही हवा अशीच कोंडते. नत्र धरणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टरला तर हवा लागतेच. तिथं कितीही बाटल्या ओतल्या तरी तो टिकणार कसा? आधी चर खोदून निचरा, मग जिवाणू.

जिवाणूंवर सरकारी पैसा खर्च होणार असेल, तर त्यांची मोजणीही व्हायला हवी. राहुरीचं कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातल्या मोजक्या शेतांची अशी तपासणी करून निकाल गावात लावला, तरी बरंच कळेल.

तोवर शेतकऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. कार्डावरचा सेंद्रिय कर्ब आणि क्षारता दर दोन-तीन वर्षांनी ताडून पाहणं. आणि नवं जिवाणू खत सोडताना चार सऱ्या तशाच मोकळ्या ठेवणं. फरक दिसला तरच पुढची बाटली घ्यावी.